ज्याचा घट आधीच फुटला होता

"तो कलश उंबऱ्याच्या आत आणू नकोस, मधू!"

मधुवंती दारातच थबकली. धाकट्या भावाच्या अस्थी छातीशी धरून ती सारा प्रवास डोळा न लावता बसून होती... आणि तिचे वडील, देवदत्तशास्त्री, तिच्या चेहऱ्याकडे न पाहता त्या कलशाकडेच पाहत होते, जणू आतून कुणी हाक मारील!

"आत नाही आणत, अण्णा. तेवढं शास्त्र कळतं मला. आज दहावा आहे. चला घाटावर. निमिषला पिंड द्यायचाय."

"त्याचं सगळं करून झालंय माझं. एकाच माणसाचं दुसऱ्यांदा करत नाहीत."

"तेव्हा तो जिवंत होता हो, अण्णा!"

शास्त्रीबुवा मागे सरले. मग दार लागलं.

जो अंत्येष्टीचा मंत्र अण्णांनी निमिषला शेजारी बसवून शिकवला, तोच त्याने गिटारवर आणि ड्रमवर गायला आणि देशभरच्या पोरांच्या काळजात जाऊन बसला. गल्ली मात्र कुजबुजली, 'प्रेताचा मंत्र जित्या माणसांना ऐकवतो! हे मरणाला बोलावणंच म्हणायचं!' त्या संतापात अण्णांनी घटस्फोट केला होता, नवरा-बायकोचा नव्हे, पोटच्या पोराचा. दक्षिणेकडे तोंड करून पाण्याने भरलेला घट पायाने लवंडून फोडला, जिवंत मुलाच्या नावाने पिंड दिला आणि अंघोळ करून जेवायला बसले. अण्णांना बघणारं कुणी उरलं नाही म्हणून मधुवंतीने ठरलेलं लग्न मोडलं आणि ती इथल्याच एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत राहिली.

आणि आता निमिष खरोखरच गेला होता. भर कार्यक्रमात पावसाची सर आली, ओला माइक ओठांना लागला, विजेचा झटका बसला आणि तो कोसळला. अर्थिंगच नव्हतं. लोकांना वाटलं, हाही गाण्याचाच भाग असेल... ते टाळ्या वाजवत राहिले!

गंगा चढली होती. संकठा घाटाच्या खालच्या पायऱ्या कधीच पाण्याखाली गेल्या होत्या, आणि उरलेल्या पायऱ्यांवर काळ्या टीशर्टातली पोरंपोरी दाटीवाटीने बसली होती. ती तोच मंत्र गुणगुणत होती, वाद्यांशिवाय, खालच्या आवाजात. इतक्या कोवळ्या तोंडांतून तो ऐकताना मधुवंतीच्या अंगावर काटा आला.

"दीदी, भइया के घर से और कोई नहीं आया?" रुची नावाच्या मुलीने विचारलं. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मैं आई हूँ न."

"भइया होते तो डाँटते," मागून कुणी म्हणालं, "ऐसी शकल बना के मेरा गाना मत गाओ बे!" दोघं-तिघं हसली, आणि हसता हसता पुन्हा रडू लागली.

विधी सांगायला यज्ञेश आला होता, अण्णांचाच शिष्य. दर्भ मांडून झाले, अस्थिकलशाशेजारी द्रोणात पिंड ठेवला गेला, आणि संकल्पापाशी तो अडखळला.

"ताई, गोत्र काय म्हणू?"

"तुला ठाऊक नाही? कौशिक!"

"गुरुजींनी घट फोडला, तेव्हाच गोत्र सुटलं. त्यांच्या शब्दाविना मला ते घेता येत नाही." त्याची मान खाली गेली. "ज्याचं कुणीच नसतं, त्याला आम्ही काश्यप म्हणतो. बेवारशांनाही तेच लावतो. म्हणू?"

बेवारस...! ज्याच्यासाठी हा सगळा घाट रडत होता, तो बेवारस! मधुवंतीने डोळे मिटले. पाणी आणखी एक पायरी चढलं होतं, थांबायला वेळ नव्हता.

"म्हण."

"काश्यपगोत्रस्य..."

"थांब!"

वरच्या पायरीवर अण्णा उभे होते. अनवाणी, उघड्या अंगाने, भिंतीचा आधार घेत.

"कौशिक! कौशिक म्हण, यज्ञेश! माझा मुलगा आहे तो!"

पोरं न सांगता बाजूला झाली. अण्णा एकेक पायरी उतरून आले, यज्ञेशच्या हातातून दर्भ घेतले, पण ते बोटांत ठरेनात.

"मधू, खरं सांग... मी आधीच देऊन ठेवलेला पिंड होता ना, तोच घ्यायला गेला का गं तो?"

"अण्णा!"

"म्हणून येत नव्हतो मी. आज दिला, तर तेव्हाचाही खरा ठरेल..."

"नाही हो, अण्णा. अर्थिंग नव्हतं. तेवढंच झालं." हे वाक्य ती स्वतःलाच किती दिवस बजावत होती! तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला, आणि दोघांनी मिळून संकल्प सोडला. कौशिकगोत्रस्य... निमिषशर्मणः... नावापाशी अण्णा अडले, पण नाव पुरं झालं. गुणगुणणं कधी थांबलं, कुणालाच कळलं नाही.

अण्णांनी वाकून द्रोण पाण्यात सोडला. तो हातभर गेला, तिथे रेंगाळला, हळूच वळला... आणि परत येऊन त्यांच्या पावलांना टेकला. त्यांनी पुन्हा सोडला. तो पुन्हा आला.

"घरी यायचंय त्याला," अण्णा पुटपुटले. घोट्यांवर चढलेल्या पाण्यातून ते पाय काढीनात. "बघ ना, मधू... घरी यायचंय!"

पुराचं पाणी काठाशी उलटं फिरतं, हे मधुवंतीला माहीत होतं. तिने फक्त त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं.