चेपलेलं केंद्रक

"कोण हा डी. बाबिच? चार दिवस सगळ्यांचा संगणक अडवून बसलाय, डबक्यात म्हैस बसावी तसा," कॉफीच्या यंत्रापाशी तिहाना पुटपुटली.

मागून हळूच आवाज आला, "म्हैस मीच. दिंको."

तिची कॉफी निम्मी सांडली. उरलेली त्याने भरून दिली.

झाग्रेबच्या त्या संस्थेत दोघंही एकच काम करत. अणूच्या पोटातल्या केंद्रकाचा आकार संगणकाकडून काढून घेणं. महिन्याभरात 'अहो'चं 'अरे' झालं. रोज अकराला तो बुरेक, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची खारी, आणायचा, कुरकुरीत कड तिच्याकडे सरकवायचा. "म्हैस वेळेवर आली," ती म्हणायची. पण ती कड तिलाच का, हे... छे, कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये त्याला फिनलंडहून नोकरीचं पत्र आलं. इथलीही दोन वर्षं वाढवून मिळत होती. उत्तर शुक्रवारपर्यंत.

"छान," ती म्हणाली. "थंडी असेल."

"असेलच."

शुक्रवारी खिडकीबाहेर भुरभुर पाऊस होता. दिंको वैतागून म्हणाला, "प्रयोगवाले सांगतात हे केंद्रक लिंबासारखं लांबट आहे. माझं आपलं दर वेळी चेंडूसारखं गोल येतंय."

तिने कॉफीचा कप घेऊनच खुर्ची जवळ ओढली. "सुरुवात कशापासून केलीस?"

"अगदी गोलापासून. म्हटलं, आपण कुठल्या बाजूला झुकायला नको."

"मग जन्मभर गोलच राहील ते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून ठरते ना? पहिलीलाच कुठली बाजू नसेल, तर पुढची कुठून आणणार? सुरुवातीला जरासं चेपायचं."

"हे मी पोरांना शिकवतो."

"शिकवणारेच विसरतात."

तिने एक बारीकसा आकडा घातला. ऊर्जा जितकी कमी, तितका आकार खरा; थोड्या वेळाने पडद्यावरचा ऊर्जेचा आकडा ओळीओळीने उतरू लागला... आणि पार खाली जाऊन थांबला. केंद्रक लांबट झालं होतं.

"एवढंसं ढकललं तर," तो म्हणाला. मग त्याने ते पत्र उघडलं. उत्तराची जागा कोरी होती. "तिहाना, काय लिहू?"

"नोकरी तुझी. मी कशाला कुठल्या बाजूला –"

ती मध्येच थांबली. तो पडद्याकडे नाही, तिच्याकडे पाहत होता. तिने कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी, जपून.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला तू इथे हवा आहेस."