शाज्लीचा पाठराखा

खमासीनचा वारा सुटला की कैरोतली शहाणी माणसं दारं-खिडक्या लावून चहा पीत बसतात. आकाश हळदीसारखं पिवळं होतं, दाताखाली वाळू करकरते, आणि समोरच्या माणसाचं तोंडही नीट दिसत नाही. पण एनायातबाईंना असलं शहाणपण कधी शिवलंच नाही. त्या दिवशीही त्या रोजच्यासारख्या निघाल्या, कोपऱ्यावरच्या गाडीवरून गरम तामिया, म्हणजे वाटलेल्या डाळीचे वडे, आणि पाव बांधून घेतला, रुमालानं नाकतोंड झाकलं आणि वाळवंटाच्या कडेला असलेल्या प्रयोगशाळेत येऊन पोहोचल्या. संचालकांचा फोन आला होता, की आजची शिकवणी रद्द करूया. बाईंनी त्यांनाच उलट विचारलं, "पाऊस पडतोय म्हणून छत्रीचं दुकान बंद ठेवतात का?"

प्रयोगशाळा सामाईक होती. चार विद्यापीठांची आणि दोन-तीन कारखान्यांची माणसं तिथल्या क्लीनरूममध्ये येऊन काम करत. क्लीनरूम म्हणजे काचेच्या भिंतीआडची एक खोली, जिच्यात धुळीच्या कणालाही विचारून यावं लागतं. तिथं पाऊल टाकण्याआधी प्रत्येक नव्या माणसाला एनायातबाईंच्या हाताखालून जावं लागे. बाईंनी हे काम आयुष्यभर केलं होतं आणि अजूनही त्यांना त्याचा कंटाळा नव्हता. कुणी शिकून सवरून नीट काम करू लागला, की त्यांना घरचं लग्न पार पडल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी वर्गात दोघंच होते. एक मार्टिना. शुब्रा वस्तीतली, शांत, हुशार, सांगितलेलं एकदाच ऐकणारी. तिचा ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, त्यामुळे सकाळपासून तिनं पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. दुसरा शाज्ली, दूर दक्षिणेच्या केना गावचा. डोकं तल्लख, मन सोन्यासारखं, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. परीक्षेत तो आधी दोनदा नापास झाला होता. एकदा आत उभं राहून हातमोज्यानंच नाक खाजवलं, एकदा पाठीमागे कुणी नसताना ॲसिडची बाटली उघडली. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला चौथी संधी नाही, असा तिथला नियम होता. क्लीनरूम नाही तर संशोधन नाही, आणि संशोधन नाही तर शिष्यवृत्ती नाही.

"अब्ला, आज नापास केलंत ना, तर मी केनाला जाऊन काकाच्या दुकानात उसाचा रस काढत बसेन," शाज्ली म्हणाला. सगळी पोरं बाईंना अब्लाच म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

"बस की. पण चरकात ऊस घालताना तरी बघशील, की तिथंही बोटं आधी आणि डोळे मागून?"

मार्टिना खुदकन हसली. "अब्ला, दक्षिणेकडची माणसं चरकालाच सांगतात, सांभाळून फिर रे बाबा, आमचा हात आत आहे."

"हसा, हसा. उद्या मी प्रोफेसर झालो की दारात उभं करीन दोघींना."

बाईंनी तामिया वाटले, मार्टिनाचे कागदात गुंडाळून उपास सुटेपर्यंत बाजूला ठेवले, आणि बोलायला सुरुवात केली. "खोलीतली सगळ्यांत मोठी घाण म्हणजे माणूस. नुसता उभा राहिला तरी अंगातून कातडीचा भुगा झडत असतो, पिठाच्या चाळणीसारखा. म्हणून हा सूट. तो खोलीला तुमच्यापासून वाचवतो. आत धूळ मोजणारं यंत्र आहे. एक माणूस आत गेला की आकडा एवढा चढतो, दोन गेले की त्याच्या दुप्पट. जिवंत आहात तोवर झडणारच."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावर माझ्या वर्गात येऊ नकोस."

मग त्या गंभीर झाल्या. आजची परीक्षा काच खाणाऱ्या ॲसिडची होती. बाई त्याला अबोल म्हणत. विंचू चावला तर निदान कळतं, हे कळूही देत नाही. कातडीवर पडलं तर जळत नाही, चुरचुरत नाही. माणूस काम आटोपून घरी जातो, जेवतो, आणि रात्री बोट ठणकू लागतं तेव्हा ते हाडापर्यंत उतरलेलं असतं. म्हणून त्या टेबलापाशी एकट्यानं उभं राहायचं नाही. एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं मागे उभं राहून फक्त बघायचं. हा दुसरा म्हणजे पाठराखा. पंख्यांच्या घरघरीत हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा पाठराख्यानं हात धरला की कारण विचारायचं नाही, थांबायचं. आणि पाठराखा हलला, की आपलंही काम थांबलं.

टोप्या, मास्क, अंगभर पांढरे सूट, बूट, एकावर एक दोन हातमोजे. शेवटी आरशासमोर उभं राहिल्यावर तिघांचेही नुसते डोळे उरले. उंबऱ्यापाशी शाज्ली क्षणभर थबकला आणि पुटपुटला, "दस्तूर."

"अब्ला, बघा!" मार्टिना मास्कआडून म्हणाली. "डॉक्टरेट करायला निघालाय आणि जिनांची परवानगी मागतोय."

"मोरीत गरम पाणी ओततानासुद्धा माझी आई म्हणते. रिकाम्या जागेत शिरायचं तर, जे कुणी आहात ते जरा सरा, एवढं म्हणायला काय जीभ झिजते?"

इतक्या वर्षांत इतकी माणसं या उंबऱ्यावरून आत गेली, पण अशी परवानगी कुणी मागितली नव्हती. एक-दोघांनी मात्र काम संपवून बाहेर आल्यावर सहज विचारलं होतं, 'अब्ला, माझ्यामागे कोण उभं होतं?' बाईंनी ते पिवळ्या दिव्यांवर आणि थकलेल्या डोळ्यांवर ढकललं होतं. इमारत बाईंच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती. तिथं कधी कुणी मेलं नव्हतं, खाली कबरस्तानही नव्हतं. आणि संचालकांना सांगायची सोय नव्हती. त्यांनी आधी त्या उभ्या राहणाऱ्याचीच शिकवणी झाली आहे का, ते विचारलं असतं.

आतला उजेड केशरासारखा पिवळा. छतातून हवेचा अखंड झोत खाली उतरत होता, आणि त्याची घरघर इतकी सारखी की थोड्या वेळानं ती ऐकू येईनाशी होई. तिथं कसलाच वास नसे. माणसाचा नाही, साबणाचा नाही, बाहेरच्या वाळूचा तर नाहीच. शाज्ली ॲसिडच्या टेबलापाशी उभा राहिला, मार्टिना त्याच्या मागे. बाई काचेबाहेर येऊन परीक्षकाच्या खुर्चीवर बसल्या. शाज्लीनं सगळं नीट केलं. हातमोजे फुगवून भोक आहे का पाहिलं, बाटली दोन्ही हातांनी धरली, सावकाश ओतली. बाईंना मनातून फार बरं वाटलं.

तेवढ्यात मार्टिना डुलली. एक पाऊल मागे, एक बाजूला, आणि ती भिंतीला टेकली. बाई सूटमध्येच होत्या. त्या धावत आत गेल्या, तिच्या काखेत हात घालून तिला सावरलं आणि शाज्लीच्या पाठीवर ओरडल्या, "थांब! काम थांबव!"

शाज्लीनं दोन्ही हात वर उचलले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. पोरानं ऐकलं. त्या मार्टिनाला घेऊन बाहेर आल्या, तिचा मास्क काढला, सूट उतरवला, स्वतःचाही उतरवला. "उपास उद्या धर गं बाई. येशू काही रागावणार नाही," म्हणून त्यांनी तिला पाणी पाजलं. पण शाज्लीनं काही ऐकलंच नव्हतं. आत काम करणारा माणूस अधूनमधून हात कमरेच्या वर धरतो, कुठं लागू नयेत म्हणून. त्यांनीच ते शिकवलं होतं.

बाईंनी काचेतून आत पाहिलं.

शाज्ली टेबलावर वाकून काम करत होता, आणि त्याच्या मागे एक पांढरा सूट उभा होता.

"मार्टिना…" बाई हळूच म्हणाल्या. "आज आणखी कुणी आलंय का?"

"नाही अब्ला. दारावरचा राखणदारसुद्धा घरी गेलाय."

आत जायला दार एकच होतं, आणि त्या त्याच दारात उभ्या होत्या. बाहेर वाऱ्याचा मोठा लोट आपटला, दिवे मंदावले, आणि पंख्यांची घरघर खाली खाली गेली. त्या अर्ध्या उजेडात तो पांढरा आकार जराही हलला नाही. पाठराख्यानं उभं राहावं तसाच तो उभा होता. हात बाजूला, नजर शाज्लीच्या बोटांवर. बाईंची नजर सवयीनं धूळ मोजणाऱ्या यंत्राकडे गेली. आकडा एका माणसाचा होता…

मग त्या आकारानं हात पुढे केला आणि शाज्लीचं उजवं मनगट धरलं.

पंखे पुन्हा गरगरले, दिवे उजळले. सूट नाही, टोपी नाही, बुटांत वाळू, केसांत वाळू, आयुष्यात ज्या गोष्टीसाठी त्यांनी शेकडो पोरांना दारातून परत पाठवलं होतं ती त्यांनी स्वतः केली. तशाच आत घुसल्या. यंत्र किंचाळू लागलं. खोलीत शाज्ली एकटाच होता, आणि कुठलाच वास नसलेल्या त्या हवेत विहिरीच्या तळासारखा एक ओला, थंड वास भरून राहिला होता.

"अब्ला! सूटशिवाय?" शाज्ली वाहत्या पाण्याखाली हात धरून उभा होता. "बघा ना, वरचा हातमोजा फाटलाय. बोटाच्या टोकाला. मला कळलंसुद्धा नाही."

बाईंनी त्याचा वरचा मोजा उतरवला, मग आतला. आतला धड होता. बोट कोरडं, गुलाबी, लहान मुलासारखं. तरीही त्यांनी त्याला बाहेर नेऊन त्या ॲसिडवरचं मलम चोळलं, परत परत चोळलं, आणि चोळता चोळता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. तो मोजा आणखी थोडा वेळ तसाच राहिला असता, तर हे पोर आज रात्री हात धरून ओरडत असतं, आणि त्यांनीच त्याला एकटं सोडलं होतं.

"मार्टिना, तुझ्या हाताला लोखंडाची पकड आहे गं बहिणी," शाज्ली म्हणाला. "मनगट अजून बधिर आहे. आणि केवढा गार हात!"

मार्टिना पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता थांबली. "मी… मी तर इथंच होते, शाज्ली. अब्लाबरोबर."

बाहेर वाळू काचेवर सरसरत होती.

"मग कोण…"

"तू त्याच्याकडे वळून पाहिलंस का?" बाईंनी विचारलं.

"पाहिलं ना. डोळेच दिसतात आपले. पण अब्ला… पापण्यांवर वाळू होती. दाट. वाळवंटातून आत्ताच चालत आल्यासारखी. मी म्हटलं, मार्टिना सकाळी नीट तोंड धुऊन आली नाही वाटतं…" तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "नापास ना मी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या पोरानं आयुष्यात पहिल्यांदाच कारण न विचारता कुणाचं तरी ऐकलं होतं. हात धरला गेला तसा तो थांबला, मागे सरला, हात पाण्याखाली धरला. आणि बाकीची चूक त्याची नव्हती.

"पाठराखा मागे होता. त्यानं हात धरला, तू थांबलास. नियमात आणखी काय असतं?" त्या म्हणाल्या. "पास."

शाज्लीनं अशी काही आरोळी ठोकली की मार्टिनानं कानांवर हात ठेवले. मग तो बाईंच्या डोक्याचं चुंबन घेऊन, आईला फोन लावत, आईला रडवत, स्वतः रडत वाऱ्यात निघूनही गेला. मार्टिनाला तिचा भाऊ गाडीतून घेऊन गेला. देव तारी त्याला कोण मारी, असं म्हणत बाईंनी उरलेला गार तामिया तोंडात टाकला. त्यांना खरोखर समाधान वाटत होतं. इतकी वर्षं या खोलीत कुणाला काही झालं नाही, त्यात आपल्याखेरीज आणखी कुणाचा तरी वाटा आहे, हे कळून त्यांना हलकंच वाटलं.

मग त्या आवरायला लागल्या. आपण आत आणलेली वाळू पुसली. उंबऱ्यावर चिकट कागदांचं पायपुसणं होतं, बुटांखालची धूळ धरून ठेवणारं, शंभर पानांच्या वहीसारखं एकावर एक चिकटवलेलं. वरचं पान मळलं की सोलून टाकायचं, खालचं कोरं वर येतं. बाई वाकल्या. पानावर त्यांच्या बुटांचे ठसे होते, आणि त्यांच्यामध्ये एक अनवाणी पाऊल होतं. रुंद, बोटं फाकलेली, कधीच वहाण न घातलेल्याचं असावं तसं, बारीक वाळूनं स्पष्ट उमटलेलं. बोटं बाहेरच्या दिशेला होती. आत येणारं पाऊल कुठंच नव्हतं.

त्यांनी पान सोललं. खालच्या, कारखान्यातून चिकटून आलेल्या कोऱ्या पानावर तेच पाऊल होतं. त्यांनी आणखी एक सोललं. त्याच्याखालीही तेच होतं, तसंच, बोटं बाहेर. पुढचं पान सोलायला त्यांचा हात धजला नाही.

त्या उठून खिडकीशी गेल्या. रस्ता, दिवे, बसचा थांबा, सगळं पिवळ्या धुळीत बुडालं होतं. शाज्ली कुठंच दिसत नव्हता, आणि त्याच्यामागून निघालेलाही. बाईंनी काचेला कपाळ टेकवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या,

"घरापर्यंतच हं… आत नको जाऊस."