पॅरीबाईंचं फाटक कोणी उघडलं?

"फाटक कोणी उघडं टाकलं?"

पॅरीबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की तेगिडच्या हातातलं लापशीचं पातेलं कलंडलं आणि चौघांचा नाश्ता गवतावर पसरला.

सकाळचे आठ वाजले होते. वेल्सच्या डोंगरात, पॅरीबाईंच्या रानाच्या खालच्या अंगाला दोन शाळांचे तंबू पडले होते. ईस्टरच्या सुट्टीतली, शाळांच्या पदक-योजनेतली कांस्यपदकाची मोहीम! दोन दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालायचं, मधली रात्र तंबूत काढायची आणि चौघांनी मिळून पोचायचं. एक जरी गळाला तरी अख्खा गट बाद!

मागच्या वर्षी नेरिस गळाली होती. पाय मुरगळला म्हणून पहिल्याच संध्याकाळी ती बसकण मारून रडली आणि तिच्यापायी बाकीच्या तिघांचं पदक बुडालं. ते तिघे अजून तिच्याशी बोलत नव्हते. यंदा आयोलो, मॅब्ली आणि तेगिडने तिला आपल्यात घेतलं होतं. वृद्धाश्रमात पेपर वाचून दाखवणं झालं, पोहणं झालं, विणकाम झालं. पदकासाठी राहिली होती एवढी मोहीमच. आणि संधीही शेवटचीच! प्रॉबर्ट सर जुलैत निवृत्त होणार होते आणि त्यांच्यामागे ही योजना चालवायला शाळेत कोणी राजी नव्हतं.

तेच प्रॉबर्ट सर आता पॅरीबाईंच्या मागे मान खाली घालून उभे होते.

"शेजाऱ्याच्या मेंढ्या माझ्या मेंढ्यांत घुसल्यात," पॅरीबाई म्हणाल्या. "चारशे मेंढ्यांची खिचडी झालीय! दोन-दोन दिवसांची कोकरं आयांना शोधत फिरताहेत. पोटात दूध गेलं नाही, तर संध्याकाळपर्यंत माना टाकतील!"

"काल फाटकातून शेवटी कोण आलं?" सरांनी विचारलं.

तिघांनी नेरिसकडे पाहिलं. मुद्दाम नव्हे, पण पाहिलं.

"मी," नेरिस म्हणाली. "मी लावलं होतं... बहुतेक."

"बहुतेक?" पॅरीबाई कडाडल्या.

फाटकाची भिजलेली निळी दोरी नेरिसला आठवत होती. गाठ मारल्याचं मात्र काही केल्या आठवेना. काल ती इतकी दमली होती, की स्वतःचं नावही धड सांगता आलं नसतं.

शेजारच्या तंबूपाशी दुसऱ्या शाळेचे फार्नबीसाहेब चहाचे घुटके घेत होते. "हल्लीच्या पोरांना साधं फाटक लावायची अक्कल नाही!" ते म्हणाले.

"सामान आवरा," प्रॉबर्ट सर हळूच म्हणाले. "मोहीम रद्द."

नेरिसच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा तीच! पुन्हा तिच्यापायी!

"रडतेस काय? चल, फाटक तरी बघून येऊ," आयोलोने तिचा हात ओढला.

चौघं धावत चढावर गेली. फाटक सताड उघडून दगडी गडग्याला टेकलं होतं, आणि ते मिटू नये म्हणून खाली हा एवढा मोठा धोंडा लावलेला!

"अरेच्चा!" आयोलो म्हणाला. "काल आपण तर फाटक जेमतेम ढकलून फटीतून अंग चोरून आलो. नेरिस, तू हा धोंडा उचललास?"

"हिला स्वतःची पिशवी उचलवत नाही!" तेगिड म्हणाला. "हे बघा, चिखलात चाकांच्या खुणा!"

"आणि त्या शाळेचे बूट पाहिलेत का?" मॅब्लीने विचारलं. "ओढ्याच्या दलदलीत आपण गुडघाभर रुतलो, आणि त्यांचे बूट कसे चकचकीत!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आयोलोने तोंड शक्य तितकं भोळं केलं आणि सगळे खाली आले.

"साहेब, काल ओढ्यापाशी आमचे फार हाल झाले हो," तो फार्नबींना म्हणाला. "तुम्ही कसे आलात?"

फार्नबींनी ऐटीत नकाशा पसरला. "नकाशा वाचायला शिका! हा बघ लाकडी पूल. आमची मुलं यावरून आली."

"सगळी?"

"सगळी! मी स्वतः मोजून पलीकडे नेली."

"कुठला पूल?" पॅरीबाई पुढे झाल्या. "तो फेब्रुवारीच्या पुरात वाहून गेला. आता तिथे नुसते दोन खांब उरलेत!"

फार्नबींचा चेहरा पडला. "पोरं दमली होती हो," ते पुटपुटले. "थोडं गाडीतून आणलं, एवढंच. धोंडा काढायचा राहिला."

"शाबास रे पठ्ठ्यांनो!" प्रॉबर्ट सरांनी आयोलोची पाठ थोपटली. "आता नऊ वाजलेत. दहाच्या आत निघालात, तर मोहीम धरली जाईल. पळा!"

नेरिसने बघता बघता पिशवी पाठीला लावली. हसू तर तोंडावर मावेना! पण वाट त्याच रानातून जात होती, आणि रानभर कोकरं केविलवाणी ओरडत होती. शेजारी बाजाराला गेलेला. फार्नबींनी मुलांना गाडीत कोंबून पोबारा केला होता. पॅरीबाई, एक कुत्रा आणि गुडघेदुखीने बेजार झालेले सर. बस्स, एवढ्यांनी चारशे मेंढ्या आवरायच्या!

गडग्यापाशी एक कोकरू पडलं होतं. नेरिसने त्याच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार होतं; दुधावाचून ते गारठत चाललं होतं.

"तुम्ही तिघं जा," ती म्हणाली.

"तिघांचा गट नसतो, नेरिस," मॅब्ली म्हणाली.

"माहितीये मला. पण मला नाही गं जाता येत."

तेगिडने पिशवी दाणकन आपटली. "दर वर्षी हिचं काहीतरी असतंच!" तो संतापून ओरडला आणि मेंढ्या अडवायला धावला.

संध्याकाळपर्यंत ते कोकरं आणि आया जुळवत होते. नेरिसच्या हातातल्या कोकराने बारालाच मान टाकली. आणखी दहा गेली. उरलेली सगळी वाचली.

पॅरीबाईंनी चौघांना स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. "चुकले मी, पोरांनो," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखी मुलं या डोंगरात पाहिली नाहीत मी!"

"मला तुमचा अभिमान वाटतो," सर म्हणाले.

"सर, आमच्या पदकाच्या वहीत काय लिहिणार?" नेरिसने विचारलं.

सरांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं नाही. "अपूर्ण. दुसरं काही लिहिता येत नाही गं मला."

नेरिसने वही पुढे केली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही. सरांनी तो शब्द लिहिला, मग मॅब्लीच्या वहीत, मग आयोलोच्या.

तेगिडने आपली वही टेबलावर फेकली. नेरिसने ती सरांपुढे उघडून धरली. राग अजून उतरला नव्हता, पण खुर्ची त्याने तिच्याशेजारीच ओढली.

"धर ना गं नीट," तो नेरिसला म्हणाला. "पान उलटतंय."