दशरथची हाक

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातला एक शब्दही पदरचा नाही.

जुलै १९९६. बहरीन. सलमाबादच्या टोकाला असलेला एक गोठा... आणि भर दुपारचा एक वाजलेला.

माझा मावसभाऊ विश्वजीत तिथे मेकॅनिक होता. पक्का नागपूरकर. गाईला कधी हातही न लावलेला.

त्याचा जिवलग मित्र दशरथ. परांड्याकडचा. आठव्या वर्षापासून गावाची गुरं राखलेला, पुढे उसाच्या ट्रकवर स्टिअरिंग शिकलेला. बहरीनमध्ये अकरा वर्षं त्यानं गाईंचा ट्रक चालवला. हातात काठी कधीच नाही. परदेशी गाई, पण हा त्यांच्याशी मराठीतच बोलायचा... आणि त्या ऐकायच्या!

फोरमन जैनुद्दीनशी त्याचं एकाच गोष्टीवरून वाजायचं.

"उन्हात जनावर भरणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर."

एप्रिलमध्ये रिफाच्या रस्त्यावर दशरथच्या छातीत कळ आली. त्यानं ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक ओढला... आणि मान टाकली. मागच्या गाईंना खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर ट्रक विश्वजीतकडे आला.

त्या दुपारी जैनुद्दीन म्हणाला, "पंधरा गायें रिफा के आगे छोड़नी हैं. अभी. यल्ला, चलो!"

"शाम को ले जाता हूँ ना."

"दशरथ खलास. उसका कानून भी खलास."

विश्वजीतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यानं ट्रकची फळी खाली टाकली.

गाई उन्हात आणल्या.

एकही फळीवर पाय ठेवेना.

जैनुद्दीननं काठी उचलली...

आणि सगळं एकदम थांबलं.

गोठ्यातले पंखे चालू होते, पण त्यांचा आवाज येईना. गाईंचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

मग... अगदी जवळून...

"हुर्रऽऽ... माघारी फिर गं बाय!"

दशरथचा आवाज!

पंधराच्या पंधरा गाईंनी माना वळवल्या. त्या विश्वजीतच्या दिशेनं बघत होत्या. त्यानं गर्रकन मागे पाहिलं.

मागे कुणीच नव्हतं.

गाई वळल्या. एकामागोमाग एक, शांतपणे सावलीत जाऊन उभ्या राहिल्या.

जैनुद्दीनच्या हातातली काठी गळून पडली.

विश्वजीतनं खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि त्याच्यासमोर आपटली.

"दशरथ ने मना किया. मैं भी मना करता हूँ. व्हिसा कॅन्सल करना है तो करो!"

जैनुद्दीन निघून गेला.

सूर्य कलल्यावर विश्वजीतनं त्याच गाई भरल्या. कुणालाही ओढावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी जैनुद्दीननं त्याला बाजूला घेतलं. चेहरा पांढराफटक.

"एक बात सच बता. वो आवाज़ तूने कैसे निकाली?"

"मैंने? वो तो पीछे से आई."

"मैं तेरे सामने खड़ा था," जैनुद्दीन हळूच म्हणाला. "तेरा मुँह हिल रहा था, विश्वजीत."

विश्वजीत आजही छातीठोकपणे सांगतो, "तोंड मिटलेलं होतं माझं. आणि बोललोच असेन, तर बरोबरच बोललो!"

फक्त एक गोष्ट तो चारचौघांत सांगत नाही...

त्या दुपारनंतर आठ दिवस त्याचा घसा पार बसला होता.