सदतीस अंशांचं पाणी

मंगळाच्या दक्षिण ध्रुवाकडे गाड्यांना इंधन लागत नसे. लागे ती फक्त ऊब. जमिनीवर कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, हवा तेवढा पडलेला असे. गाडी तो खरवडून टाकीतल्या गरम पाण्यात टाकी. तिथे तो न वितळता थेट वायू होई आणि त्या वायूच्या दाबावर चाकं फिरत. वस्तीवर या गाडीला ‘फसफशी’ म्हणत.

दमयंती घारपुरे ही वस्तीची उष्णता-अभियंता. त्या दुपारी तिचे वडील भालचंद्र आणि तिची सहा वर्षांची मुलगी ईरा बर्फाची दरी पाहून फसफशीतून परतत होते. वाटेत दगड लागून टाकी फुटली. गळती बंद होईपर्यंत निम्मं पाणी वाहून गेलं. दुसरी गाडी दूर खाणीवर होती. ती दुसऱ्या दिवसाआधी पोचली नसती, आणि तोवर उरलेलं पाणी गोठून गेलं असतं.

“बाबा, काटा काय दाखवतोय?” दमयंतीने रेडिओवर विचारलं.

“तीनशे लिटर. चाळीस अंश.” भालचंद्र पृथ्वीवर शाळेत गाणं शिकवत, आकड्यांशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. “पुरेल ना गं? सोपं करून सांग.”

“एक किलो कोरडा बर्फ वायू होताना दीडशे लिटर पाणी एका अंशाने गार करतो. तुमच्या पाण्यात ऐंशी किलो जाईल. मग पाणीच गोठायला लागेल आणि गाडी थांबेल. घरी यायला ऐंशीच लागतो.”

“मग झालं की!”

“बाबा, केबिन गरम ठेवणारं पाणीही तेच आहे. केबिनची ऊब बंद करावी लागेल.”



“आणि ईरा?”

“तुमचाही कोट तिला घाला. पोटाशी घट्ट धरून बसा.”

“दमे, माणसाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं ना? सदतीस अंशांचं?”

“हो, बाबा.”

“ते धरलंस हिशेबात?”

तिला खोटं बोलता आलं असतं. “धरलंय,” ती म्हणाली.

“बरं केलंस. रडू नकोस, पोरीला ऐकू जातंय.” मग त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. “ईरा, ये. यमन म्हणू या. नी रे ग... सुरुवातीचा सा सोडायचा.”

दमयंती ऐकत राहिली. आधी दोन आवाज होते. मग आजोबांचा आवाज मधले सूर सोडू लागला. शेवटी ईरा एकटीच गात होती आणि मध्येच विचारत होती, “आजोबा, बरोबर आहे ना?”

गाडी वस्तीवर पोचली तेव्हा टाकीतल्या पाण्यावर नुकतीच साय धरावी तसा बर्फ आला होता. ईराची बोटं सुजली होती, पण ती जिवंत होती. तिच्याभोवतीची मिठी सोडवायला दोघं जण लागले.

चौकशी झाली. दमयंतीचा हिशेब अचूक निघाला, म्हणून तोच नियम झाला. आता फसफशीत चढण्यापूर्वी प्रत्येकाचं वजन करतात, आणि सोबत पुरेशा वजनाचं मोठं माणूस असल्याशिवाय लहान मुलाला प्रवासाला सोडत नाहीत.

“हिच्याबरोबर कोण?” फाटकावरचा माणूस विचारतो. दमयंती ईराचा हात सोडते आणि वजनकाट्यावर उभी राहते.