भिंतीपलीकडचा वैमानिक

बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि भिंतीपलीकडे कुणीतरी सारखं चुकत होतं.

ऑड्रा उशीला टेकून पाठांतर करत होती. मिनियापोलिसच्या विमानतळाजवळच्या या हॉटेलात नऊ शिकाऊ वैमानिक उतरले होते, सगळे एका छोट्या कंपनीचे. विमानं याच कंपनीची, उडवणारे याच कंपनीचे. पण शेपटीवर रंग आणि नाव बड्या कंपनीचं. तिकिटंसुद्धा तीच विकायची. राबायचं यांनी आणि मिरवायचं तिने, असा सगळा मामला!

"वेग ऐंशी... चाकं वर!" पलीकडून आवाज आला.

ऑड्राला राहवेना. तिने भिंतीवर टकटक केलं. "अहो शेजारी, आधी विमान तर उचला! आत्ताच चाकं वर घेतलीत तर पोटावर बसेल ते!"

"तुम्ही परीक्षक आहात का?" पलीकडून प्रश्न आला.

"नाही हो. तुमच्या विमानातली घाबरलेली प्रवासी!"

दोन मिनिटांत दारावर थाप पडली. दारात एकावर एक दोन स्वेटर चढवलेला, थंडीने गारठलेला, तिच्याच तुकडीतला, उबदार लुइझियानाचा वेंडेल उभा होता. हातात दोन कप.

"घाबरलेल्या प्रवाशांना कॉफी फुकट असते," तो म्हणाला. त्याचं ते वाकडं हसू ऑड्राला जरा जास्तच आवडलं.

मग रोज संध्याकाळी तिच्या खोलीत अभ्यास सुरू झाला. कॉकपिटचं मोठं कागदी चित्र भिंतीवर चिकटवायचं, समोर दोन खुर्च्या मांडायच्या. त्याने कागदावरच्या बटणावर बोट ठेवायचं, तिने उत्तर द्यायचं. कधीकधी दोघांची बोटं एकाच बटणावर जायची... आणि तिथेच रेंगाळायची.

"हे बटण माझ्या बाजूचं आहे हं."

"माहीत आहे," वेंडेल म्हणायचा, "म्हणून तर..."

"अभ्यास कर, लबाडा!"

चौथ्या आठवड्यात पत्र आलं. बड्या कंपनीने बारा विमानांचं काम यांच्याकडून काढून दुसऱ्या, स्वस्तात उडवणाऱ्या कंपनीला दिलं होतं. आता नवांपैकी आठच जण राहणार होते. तुकडीत क्रम लागायचा तो वयाप्रमाणे, आणि सगळ्यात लहान ऑड्रा. तिच्याहून पाचच महिन्यांनी मोठा असलेला वेंडेल आठवा. कुणी परीक्षेत नापास झालं, तरच तिची जागा वाचणार होती. या नोकरीसाठी लागणारे उड्डाणाचे तास भरायला तिने तीन वर्षं नॉर्थ डकोटाच्या वाऱ्यात पोरांना उडायला शिकवलं होतं. त्या संध्याकाळी ती रडली नाही, पण कॉफी तशीच राहिली.

परीक्षेला दोघं एकाच सिम्युलेटरमध्ये होते. वेंडेल उडवत होता आणि शेजारी बसून लक्ष ठेवायचं काम ऑड्राचं होतं. समोर पडद्यावर दाट धुकं. उतरताना दोनशे फुटांवर धावपट्टी दिसली नाही तर विमान पुन्हा वर न्यायचं, हा नियम शेंबड्या पोरालाही पाठ. दोनशे फूट आले. धावपट्टी दिसेना. वेंडेलचा हात हलेना.

ही चूक त्याने कागदावरसुद्धा कधी केली नव्हती. ऑड्राने त्याच्याकडे पाहिलं. जबडा आवळून तो समोर बघत होता, आणि तिला सगळं कळलं. ती नुसती गप्प राहिली असती तरी तिची जागा वाचली असती.

"वर घे!" ती ओरडली. "वेंडेल, वर घे!"

त्याचा हात पुढे गेला. विमान उठलं. परीक्षकाने मान डोलावली आणि दोघांनाही पास केलं.

बाहेर गाड्यांजवळ येताच ती त्याच्यावर उसळली. "मुद्दाम केलंस ना? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत होतास! आणि मला विचारलंही नाहीस?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"मुळीच नाही!"

"मग? मला..." तो अडखळला. "ऑड्रा, माझं प्रेम आहे तुझ्यावर. तू घरी जाणार आणि मी उडणार, हे मला सोसत नव्हतं."

ऑड्राचा राग बर्फासारखा विरघळला; डोळे मात्र भरून आले. नवांतलं कुणीच नापास झालं नव्हतं, म्हणजे जागा गेली होती, आणि त्याच क्षणी तिला इतकं सुख होत होतं की त्याचीच तिला लाज वाटली.

"घरी कोण जातंय?" ती नाक ओढत म्हणाली. "आपली विमानं ज्यांनी नेली ना, त्यांना आता वैमानिक हवेत. शनिवारी मुलाखत आहे माझी. रंग तोच, नावही तेच. उद्या तुझं नि माझं विमान शेजारी उभं राहिलं, तर प्रवाशांना फरकसुद्धा कळायचा नाही."

"मला कळेल," वेंडेल म्हणाला.

ऑड्राने आपला गारठलेला हात त्याच्या कोटाच्या खिशात सरकवला. "माझंही आहे रे... प्रेम," ती म्हणाली. "पण पुन्हा माझ्यासाठी काही करावंसं वाटलं, तर नापास होऊ नकोस. जेवायला ने."