कोऱ्या करवतीचा भाव

देवणीच्या जनावरांच्या बाजारात त्या दिवशी एक माणूस लाकडी पेटी छातीशी धरून आला. बैलांच्या दाव्यांतून अडखळत वाट काढत तो थेट वीरण्णांच्या लिंबाखाली येऊन उभा राहिला. खिशाला दोन पेनं, बोटांना खडूची भुकटी, आणि बुटाला… जे बाजारात लागायचं ते लागलेलं. हा काही बैलवाला नव्हे, हे अंबिकानं लांबूनच ताडलं.

अंबिका वीरण्णांची थोरली लेक. वीरण्णा, म्हणजे तिचे अप्पा, बाजारातले जुने दलाल. पण मोतीबिंदूनं गाठल्यापासून नजर अंबिकाची आणि हात अप्पांचा, असा कारभार होता. ती दात बघायची, खूर बघायची, अप्पांच्या कानात आकडा सांगायची. मग अप्पा उपरण्याखाली व्यापाऱ्याचा हात घेऊन बोटांनी भाव कळवायचे, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागू नये. पुढं पुढं लोक शिलाई मशीन आणि विहिरीवरचं इंजिनही तिला दाखवायला आणू लागले. तिचा आकडा आजवर खोटा निघाला नव्हता, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. चोवीस वर्षांच्या पोरीला अख्खा बाजार अक्का म्हणे, त्याचंही तिला कधी काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी वाटलं. कारण तो पेटीवाला घाम पुसून म्हणाला, "अक्का, याचा भाव करून द्यायचाय."

आवाज चांगला होता. म्हणून तर जास्त लागलं.

त्याचं नाव उमाशंकर. लातुरात दुसऱ्याच्या क्लासमध्ये गणित शिकवायचा. त्या वर्षांत लातुरात गल्लीला दोन क्लास आणि क्लासला चार खाणावळी निघत होत्या; यालाही स्वतःची बॅच काढायची होती. खोली ठरली होती, पोरं येणार होती, फक्त बसायला बाकडी नव्हती. आणि बाकड्यांच्या बदल्यात द्यायला त्याच्याकडे होती ती ही पेटी.

पेटीत पेट्रोलवर चालणारी, साखळीची, परदेशी करवत होती. भूकंपानंतर मदतीला आलेल्या एका पथकानं ती आणली होती. पण पथक उमाशंकरच्या गावात पोचेपर्यंत लोकांनी पडलेल्या माळवदांच्या तुळया हातांनीच उचलल्या होत्या. उमाशंकरच्या आईनं, नीलाबाईनं, त्या परक्या माणसांना आठ दिवस भाकरी घातल्या. जाताना ते ही करवत तिला देऊन गेले. नीलाबाईनं ती खाटेखाली सरकवली आणि हिची गरज या घराला पुन्हा न पडो म्हणाली. नऊ वर्षं पडली नाही. करवत कोरीच्या कोरी राहिली.

लातूरच्या लाकडाच्या वखारीचे मालक शेषेराव ती घ्यायला तयार होते. ते म्हणत दहा बाकडी, उमाशंकर सर म्हणत तीस. शेवटी दोघांचं ठरलं की वीरण्णांच्या लिंबाखाली जो आकडा निघेल तो दोघांनी मानायचा. शेषेराव त्यासाठी स्वतः आले होते, मिशीला पीळ देत.

अप्पांनी रिवाजाप्रमाणे उपरणं हातावर टाकलं आणि कमीत कमी कितीला देता हे विचारायला हात पुढं केला. सरांनी असला प्रकार जन्मात पाहिला नव्हता. म्हातारा माणूस प्रेमानं हात देतोय असं समजून त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि चांगला गदागदा हलवला. आता पंजा म्हणजे पाच, दोन पंजे म्हणजे दहा. सरांनी स्वतःच्या हातांनी शेषेरावांचा भाव कबूल केला होता. अप्पांनी आकडा सांगितला तसे शेषेराव पेटी उचलायला वाकलेसुद्धा.

"थांबा," अंबिका म्हणाली. "मी अजून पेटी उघडलेली न्हाई."

तिनं पेटी उघडली. पात्यावरचा रंग शाबूत, दातांना लाकडाचा स्पर्श नाही, तेलाचा वास अजून तसाच. पण पेट्रोलची नळी नखानं दाबली तर कडक लागली. आतलं रबर वाळलेलं. कधीच न जुंपलेला बैल दिसायला देखणा असतो, पण वय काही थांबत नाही. नवी असती तर अठ्ठावीस. सुटे भाग इथं मिळत नाहीत, त्याचे आठ गेले. रबराचे दोन. अठरा बाकडी, ना एक कमी ना एक जास्त. पाच मिनिटांत हिशेब संपला.

ती सांगणारच होती. तेवढ्यात सर गुडघ्यावर बसून पेटीला सुतळी बांधू लागले, गाठ चुकली, त्यांनी वर बघितलं आणि ओशाळून हसले. आकडा सांगितला की हा माणूस आताच्या एसटीनं जाणार, आणि देवणीत त्याचं पुन्हा काय काम?

"चालवून बघितल्याबिगर सांगता येत न्हाई," अंबिका म्हणाली. "आन् चालवली की कोरी राहत न्हाई, भाव उतरतो. अवघड हाय. पुढच्या बाजाराला सांगते."

शेषेराव कुरकुरले. अप्पांनी मोतीबिंदू झालेले डोळे तिच्याकडे वळवले.

पुढच्या बाजाराला सर आले, पेटी घेऊन. पेटी इथंच ठेवून गेले असते तरी चाललं असतं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं म्हणे. शेषेरावांना वखारीतून वेळ नव्हता, त्यामुळे फावलं. अंबिकानं सांगितलं की उदगीरच्या रियाज मिस्त्रींना रबराबद्दल निरोप पाठवलाय, त्यांचं उत्तर आलं की बघू. निरोप खरंच पाठवला होता, पण आदल्या संध्याकाळी.

मग रसाच्या गाड्यावर बसून सरांनी विचारलं, ती बोटांची भाषा शिकवाल का… म्हणजे पुन्हा फजिती नको. या खेपेला त्यांनी अक्का म्हटलं नाही. तिच्या ते लगेच ध्यानात आलं. तिनं हवेत बोटं दाखवून पाहिली. सरांना काही कळेना. शेवटी तिनं अप्पांचं उपरणं आणलं, मध्ये टाकलं आणि खालून सरांची चार बोटं धरली.

"हे किती?"

"कळलं नाही. पुन्हा एकदा."

"गणिताचे सर ना तुम्ही?"

"हो. पण गणितात इतकं मऊ काही नसतं."

तिनं हात काढून घेतला. लगेच नाही… जरा वेळानं. रसाचा ग्लास तोंडाला लावला तेव्हा तो रिकामा आहे हेही तिला कळलं नाही, आणि गाडेवाला मात्र फुकट हसत बसला. त्या रात्री ती चुलीपुढं स्वतःशीच हसली आणि तिनं भाकरी जाळली. अप्पांनी जळकी भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

तिसऱ्या बाजाराला सर आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. आज शेषेरावही सोबत होते. अंबिकानं खोदून विचारलं तेव्हा सर म्हणाले की बॅच सोमवारी सुरू झाली. पोरं सतरंजीवर बसतात, मांडीवर वही घेऊन लिहितात. सहा जण पाठ दुखते म्हणून दुसऱ्या क्लासला गेले. "होईल सगळं नीट," ते हसून म्हणाले. "तुम्ही घाई करू नका. भाव खरा निघाला पाहिजे."

अंबिकानं मनातल्या मनात हिशेब केला. आपल्या दोन गोड दुपारींसाठी या माणसाची पोरं जमिनीवर बसली होती. आणि हा वर आपल्यालाच धीर देत होता.

आता गुपचूप अठरा म्हणून मोकळं होता आलं असतं. अप्पांनी उपरणं हातावर टाकलंही होतं. शेषेराव, सर, बैल घेणारे-विकणारे चार हेडी, दोन गिऱ्हाइकं, सगळे वाट बघत होते. अंबिकानं अप्पांच्या हातावरचं उपरणं उचललं आणि त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

"उघड सांगते," ती म्हणाली. "अठरा बाकडी. रबर रियाजभाई बसवून देतील, तो खर्च शेषेरावांचा. आन् हा भाव मला पहिल्याच बाजाराला कळला होता."

शेषेरावांचा मिशीला पीळ द्यायचा राहून गेला.

"मग तीन बाजार का लावलेस?" अप्पांनी विचारलं.

इथं खोटं बोललं तर जन्मभराचा आकडा खोटा. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "सांगितला असता तर सर पुन्हा आले नसते."

कुणी तरी खाकरलं. तिचे कान तापले, पण आता थांबून उपयोग नव्हता. ती म्हणाली की दलालानं गिऱ्हाइकाचं नुकसान केलं तर भरून द्यावं लागतं. सहा पोरं गेली त्याची तीन बाकडी आमच्याकडून. आणि इथून पुढं माझ्या आकड्यावर कुणाचा भरवसा नसला, तर तेही बरोबर हाय.

सर एरवी चाळीस पोरांना कोष्टकं समजावणारा माणूस, पण "म्हणजे… म्हणजे…" एवढ्यावरच अडकला. शेवटी त्यांनी शेषेरावांकडे पाहून सुरुवात केली, कारण तिच्याकडे बघून जमत नव्हतं.

"शेषेराव, तुमची वखार माझ्या क्लासच्या मागच्या बाजूला आहे. दुसऱ्या बाजाराच्या आधीच मी तुमच्या दहा बाकड्यांना तयार होतो. सांगायला वखारीच्या दारापर्यंत आलो… आणि परत फिरलो." मग ते तिच्याकडे वळले. "अंबिका, सहा पोरं तुमच्यामुळं नाही गेली. मीच दोन आठवडे बाकड्यांचा नाद सोडून देवणीची एसटी धरत होतो. नुकसान भरायचं तर अर्धं माझं."

"म्हंजे मी एकटाच खरोखर करवत घ्यायला येत होतो?" शेषेरावांनी विचारलं. त्यांचा आवाज खराखुरा दुखावलेला होता. सगळा लिंब हसला. मग तेही हसले, अठरा बाकडी परवा पोचती करतो म्हणाले आणि पेटी स्वतः उचलून घेऊन गेले.

अंबिकाला वाटलं, आता अप्पांची बोलणी बसणार. त्यांनी सरांना जवळ बोलावलं, चाचपून त्यांचा हात हातात घेतला. "आईला घेऊन या," ते म्हणाले. "आन् एक आधीच सांगतो. तीस वर्षं दलाली केली, पर माझ्या घरात लेकीचा भाव होत न्हाई. मागायचा न्हाई, द्यायचा न्हाई."

"आईसुद्धा हेच म्हणेल," सर म्हणाले.

एसटी लागली होती. अंबिका त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेली, आणि बाजारातल्या एकानंही बोट दाखवलं नाही. सरांचे दोन्ही हात आज रिकामे होते; ते कुठं ठेवावेत हे त्यांना उमजत नव्हतं.

"आता पेटी न्हाई," ती म्हणाली. "पुढच्या बाजाराला कशाचं निमित्त करून येणार?"

"निमित्त नाही. तुमच्यासाठी येणार."

ती लाजली, आणि पहिल्यांदाच हिशेब न करता लगेच म्हणाली, "लवकर या."